काटा सातवर

गेल्या महिन्यात संध्याकाळी भोसरीच्या भाजीबाजारात मेथीची जुडी घेतली आणि लक्षात आलं, कापडी पिशवी घरीच राहिली. भाजीवाल्या पोराने गाड्याखाली हात घालून एक पारदर्शक पिशवी काढली. मी जरा घुटमळलो, ते त्याने बरोबर ओळखलं. म्हणाला, “घ्या काका बिनधास्त. एकशेवीस मायक्रॉनची आहे.”

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं जो शब्द मी मशिनच्या घरघरीत आणि एका बंद खोलीच्या शांततेत वापरला, तो कोथिंबिरीच्या ढिगावरून असा कानावर येईल असं वाटलं नव्हतं. घरातल्या टोपणनावाने भर रस्त्यात अनोळखी माणसाने हाक मारावी, तसं झालं.

घरी आल्यावर मेथी स्वयंपाकघरात दिली आणि कपाटातून माझा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं अवजार, काढला. पिशवीची चौपदरी घडी घातली, सुरकुत्या काढल्या, रॅचेट तीनदा टिकटिकू दिलं. चार पदरांचे मिळून दोनशे दहा मायक्रॉन. म्हणजे एका पदराला बावन्न-त्रेपन्न. दुसऱ्या कोपऱ्यात त्याहूनही कमी. “झालं समाधान?” बायकोने विचारलं आणि मेथी निवडायला माझ्याच पुढ्यात आणून टाकली.

पोराचा काही दोष नाही. गठ्ठ्याबरोबर तो आकडाही त्याला घाऊकच मिळाला असणार. सरकारी नियमात ही जाडी वाढत वाढत गेली: ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. पातळ पिशवी वाऱ्यावर उडते, गटारात बसते आणि भंगारवाला तिच्यासाठी वाकत नाही. जाड असली तर निदान वजन भरतं, हा त्यामागचा हिशेब. आपल्या राज्यात तर २०१८ पासून अशा पिशव्यांना, जाडी कितीही असो, बंदीच आहे. पण मेथीच्या एका जुडीसाठी हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. पट्टीवरच्या दोन बारीक रेघांमधली जागा म्हणजे एक मिलिमीटर. तिचे हजार भाग केले की त्यातला एक भाग मायक्रॉन. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १८७९ मध्ये त्याच्यासाठी म्यू हे ग्रीक अक्षर मान्य केलं. पुढे १९६७-६८ च्या महापरिषदेत ठरलं की मायक्रॉन हे नाव आणि ती खूण, दोन्ही रद्द. इथून पुढे म्हणायचं ते मायक्रोमीटर. माझा जन्म १९६९ चा. म्हणजे ज्या शब्दावर मी जन्मभर पोट भरलं, तो माझ्या जन्माआधीच कागदोपत्री मेलेला होता. भोसरीत ही बातमी पोचलीच नाही. पिशव्यांचे नियम लिहिणाऱ्यांपर्यंतही पोचलेली दिसत नाही.

आणि खरं सांगायचं तर पोचून उपयोगही नव्हता. इंग्रजीत एकक आणि अवजार यांची स्पेलिंगं तरी किंचित वेगळी असतात. मराठीत दोन्ही मायक्रोमीटरच. “मायक्रोमीटरने पाच मायक्रोमीटर कमी घे” असं मी ग्राइंडरवरच्या आप्पांना म्हणालो असतो, तर त्यांनी मला आधी पाणी पाजलं असतं.

१९८८ साली आयटीआय करून मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात अप्रेंटिस लागलो. पंपांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे पोलादी दांडे, व्हायचे तिथे. टर्निंग, मग हार्डनिंग बाहेरून, मग ग्राइंडिंग, म्हणजे चाकावर घासून नेमक्या मापाला आणणं. शॉपच्या एका कोपऱ्यात काचेच्या खिडकीची एक खोली होती. दाराला खाली रबराची पट्टी, आत एसी. अख्ख्या कारखान्यात एसी दोनच, एक मालकांच्या केबिनला आणि एक ह्या खोलीला. आणि मालकांचा बंद पडला तरी चालेल पण हा पडता कामा नये, असा दंडक होता. ही स्टँडर्ड रूम, मोजायची साधनं ठेवायची आणि तपासायची खोली. तिचे धनी नाना.

पहिल्याच दिवशी नानांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “डोक्यावरचा एक केस उपट.” मी उपटला. त्यांनी हातात मायक्रोमीटर दिला. हे अवजार तसं साधं: आत अर्धा मिलिमीटर पिचचा स्क्रू, बाहेर नळीवर पन्नास खुणा. नळीचा एक पूर्ण फेरा फिरवला की तोंड अर्धा मिलिमीटर सरकतं, म्हणजे एका खुणेला शतांश मिलिमीटर, दहा मायक्रॉन. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण केस तोंडात धरताना तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा रीडिंग आलं: सात खुणा.

“सत्तर मायक्रॉन,” मी म्हणालो.

“शाब्बास. आता ह्या केसाचे उभे सत्तर काप कर आणि त्यातला एक मला आणून दे. तोवर ग्राइंडरला हात लावायचा नाही.”

मी खरोखरच दोन-चार सेकंद त्या केसाकडे बघत राहिलो. नाना हसले नाहीत. ते प्रत्येक नव्या पोराला हेच सांगायचे आणि प्रत्येक पोरगं केसाकडे बघत उभं राहायचं, हे मला नंतर कळलं. पुढे वीस वर्षांनी नव्या पोरांना मी हेच सांगायला लागलो. मीही हसत नसे. माझा केस मात्र तोवर पन्नासवर आला होता, आणि संख्येनेही बराच उतरला होता.

आपल्या भाषेला थोडकेपणा दाखवायची हौस मोठी. केसभर, तिळभर, कणभर, रतीभर. “तसूभरही मागे हटणार नाही” असं पुढारी भाषणात म्हणतात, तेव्हा मला गंमत वाटते. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. इंचाहून थोडा जास्तच. आमच्या हिशेबात पंचवीस हजार मायक्रॉनच्या पुढे! एवढ्या जागेत माणूस आरामात मागे हटून परत जागेवर येईल. सुताराचं सूत त्यामानाने बरं. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून जरा जास्त. घराची दारं बसवायला आलेला सुतार मला म्हणाला होता, “साहेब, अर्धं सूत इकडेतिकडे चालतंय, लाकूड आहे.” बरोबरच होतं त्याचं. लाकूड पावसाळ्यात स्वतःच तेवढं फुगतं.

आपल्याकडे कुणीच ह्याच्या खाली उतरलं नव्हतं, असं मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांचा एक जिना आहे. आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडवलेला धुळीचा एक कण. असे आठ कण म्हणजे एक लीख. आठ लिखांची एक ऊ. आठ उवा म्हणजे जवाच्या दाण्याचा मध्य, आणि असे आठ मध्य म्हणजे एक अंगुल. अंगुल कुणाचं? मध्यम चणीच्या माणसाच्या मधल्या बोटाची मधली जाडी. हे मी वाचलं तेव्हा रात्रपाळी होती आणि काम कमी. मालाच्या चलानाच्या पाठीवर हिशेब मांडला: आठाला आठाने पाच वेळा गुणलं की बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. अंगुल पाऊण इंचाचं, एकोणीस मिलिमीटर धरलं, तर एक परमाणू येतो अर्ध्या मायक्रॉनच्या जरा वर. मी आकडेमोड पुन्हा केली. तेच आलं. मोजायचं साधन हाताशी नव्हतं, नुसतं आठाने भागत भागत ती माणसं आमच्या स्टँडर्ड रूमच्या दारापर्यंत येऊन गेली होती. (त्या हिशेबाने ऊ मात्र जेमतेम तीन दशांश मिलिमीटरची येते. आमच्या लहानपणीच्या उवा चांगल्या पोसलेल्या असाव्यात.)

नानांच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. आत मखमलीच्या खाचांत पोलादाचे चकचकीत ठोकळे ओळीने उभे: हे स्लिप गेज, आमच्या भाषेत नुसते ‘स्लिप’. प्रत्येकावर आकडा कोरलेला. १.००५, १.०१, १.०२ असे करत पुढे शंभरपर्यंत. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. हरणाच्या मऊ चामड्याच्या तुकड्यात धरायचं. काम झालं की पुसून पेट्रोलियम जेलीचा हात द्यायचा, नाहीतर घामाचा डाग गंज होऊन बसतो.

दोन स्लिप जोडायची एक रीत आहे. एक घ्यायचा, दुसरा त्याच्यावर आडवा टेकवायचा, हलकासा दाब देत सरकवत सरळ करायचा. सुरुवातीला नुसतं घसरतं. मग मध्येच कुठेतरी हाताला एक वेगळाच जडपणा लागतो, जणू मध आला मध्ये. आणि पुढच्या क्षणी दोन ठोकळ्यांचा एक ठोकळा झालेला असतो. उचला, उलटा करा, झटका द्या; सुटत नाही. ना चुंबक, ना गोंद. हवेच्या दाबाने चिकटतात असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. पण निर्वातातही ते तसेच राहतात. पृष्ठभाग इतके सपाट की त्यांच्यामध्ये तेला-ओलाव्याचा एक पुसट पापुद्रा उरतो, काही नॅनोमीटरचा, आणि मग पदार्थच पदार्थाला धरतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ते दोन स्लिप पाच मिनिटं नुसते हातात घेऊन उभा होतो. नाना ओरडले, “खाली ठेव, तापवशील!” तेव्हा मला वाटलं, हे उगाच.

ह्या स्लिपांमागे एक स्वीडिश माणूस आहे, कार्ल एडवर्ड योहान्सन. एस्किल्स्टुना गावच्या सरकारी रायफल कारखान्यात शस्त्रं तपासायच्या कामाला होता. स्वीडनने माउझर रायफल घ्यायची ठरवली तेव्हा तो जर्मनीत ओबर्नडॉर्फला त्यांच्या कारखान्यात जाऊन आला. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळा ठोकळा, खोल्याच्या खोल्या भरून ठोकळे. परतीच्या गाडीत त्याच्या डोक्यात आलं की मापं शिलकीत ठेवायची गरजच काय, बेरजेने का करू नयेत? नीट निवडलेले १०२ ठोकळे असले तर शतांश मिलिमीटरच्या पायरीने वीस हजार वेगवेगळी मापं जुळवता येतात. सुट्ट्या नाण्यांतून कुठलीही रक्कम होते तसं. हे १८९६ सालचं. ठोकळे घासायला मशिन नव्हतं, म्हणून त्याने बायकोच्या शिवणयंत्राला घासायचं चाक बसवलं. त्या बाई काय म्हणाल्या ते इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही. आमच्या घरी मिक्सरवर मी एकदा असला प्रयोग केला होता, त्यावरून अंदाज येतो.

पुढे योहान्सन अमेरिकेत फोर्डकडे गेला. इंच नक्की किती, ह्यावर इंग्लंड-अमेरिकेत सूक्ष्म भांडण होतं, दोघांचे इंच पाचव्या-सहाव्या दशांशावर वेगळे पडत. योहान्सनने आपल्यापुरतं ठरवून टाकलं, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, बात खतम. सरकारांनी १९५९ मध्ये तेच मान्य केलं. आणि मापाचं तापमान त्याने धरलं २० अंश सेल्सिअस.

आमच्या सगळ्या रामायणाचं मूळ ह्या वीस अंशांत आहे.

पोलाद तापलं की वाढतं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. रेल्वेच्या रुळांत फट ठेवतात वगैरे. पण किती वाढतं, ते शॉपवर कळतं. शंभर मिलिमीटरचा तुकडा एका अंशाला सव्वा मायक्रॉनच्या आतबाहेर. त्यामुळे “ह्या शाफ्टचा व्यास किती?” हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या तापमानाला, हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही. पूर्वी फ्रेंच लोक मीटर शून्य अंशाला धरत, इंग्रज त्यांचा यार्ड ६२ फॅरनहाइटला. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने २० अंशांवर शिक्का मारला. युरोपातल्या वर्कशॉपला ते सोयीचं, आणि फॅरनहाइटमध्येही ६८ असा पूर्ण आकडा येतो. भोसरीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली किती असतं, हे समितीला कोण सांगणार? गंमत म्हणजे सेल्सिअसही स्वीडनचाच, आणि मिलिमीटरच्या कोटीव्या भागाला ज्याचं नाव मिळालं तो ऑंगस्ट्रॉमही तिथलाच. दोघंही उप्सालाचे. थंडीत घरात बसून बारीक बघायची सवय लागत असावी.

आता जी गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नाही, ती सांगतो.

साल १९९४, महिना मे. मला इन्स्पेक्शनला टाकून दोन वर्षं झाली होती. चाळीस मिलिमीटर व्यासाचे एकशेवीस शाफ्ट, टॉलरन्स शून्य ते उणे अकरा मायक्रॉन. म्हणजे शाफ्ट चाळीस बरोबर असला तरी चालेल, अकरा मायक्रॉन बारीक असला तरी चालेल, त्याच्या बाहेर नाही. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती. ग्राइंडरवर आप्पा.

आप्पांबद्दल दोन शब्द. सातारच्या बाजूचे, चौथी शिकलेले. शाफ्ट उतरवला की आधी अंगठ्याचं नख त्याच्यावरून ओढायचे आणि मग मोजायला द्यायचे. नखाला खरखर लागली तर मोजायच्या आधीच परत चढवायचे. “स्पार्क आउट पुरता झाला नाही,” म्हणायचे, म्हणजे चाकाला पुढे न ढकलता शेवटच्या ठिणग्या विझेपर्यंत फिरू द्यायचं असतं, तो धीर कमी पडला. त्यांचं नख आमच्या फिनिश मोजायच्या यंत्राशी भांडायचं आणि बहुतेक वेळा जिंकायचं. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की माणसाच्या बोटाला १३ नॅनोमीटरच्या सुरकुत्याही कळतात. आप्पांना कुणी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग?

तर त्या दिवशी मशिनशेजारी मायक्रॉन डायलचा स्टँड लावला. पद्धत अशी: चाळीसचा सेटिंग मास्टर, म्हणजे नेमक्या चाळीस मिलिमीटरचा प्रमाण तुकडा, डायलखाली ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मास्टर काढून मोजायचा शाफ्ट ठेवायचा. काटा जेवढा हलेल तेवढा फरक. मास्टर नेहमी स्टँडर्ड रूममध्ये असे आणि बाहेर आणला की तासभर मशिनपाशी नुसता ठेवून द्यायचा, शॉपची हवा त्याला लागू द्यायची, मगच वापरायचा, असा नानांचा नियम. त्या दिवशी नाना रजेवर. गुरुवारची सुट्टी मध्ये आल्याने आधीच एक दिवस गेलेला. मी मास्टर आणला, चामड्याने पुसला, हाताला गार लागला ते बरं वाटलं, डायलखाली ठेवला, काटा शून्य केला, मास्टर शेजारच्या टेबलावर ठेवला आणि आप्पांना म्हणालो, “चालू द्या.”

शॉपमध्ये छत्तीस अंश. उणे पाचच्या आसपास आप्पा प्रत्येक शाफ्ट आणून देत होते, टॉलरन्सच्या बरोबर मधोमध. उणे चार, उणे पाच, उणे सहा, उणे पाच. इतकं देखणं काम की मी रजिस्टरमध्ये आकडे लिहिताना अक्षर सुद्धा चांगलं काढलं. संध्याकाळी साडेसातला शेवटचा शाफ्ट झाला. आवरताना, सवय म्हणून, मास्टर परत डायलखाली ठेवला.

काटा सातवर.

मला वाटलं डायल सरकला. पुन्हा ठेवला. सात. पुसून ठेवला. सात, जरा कमी. मग माझी बोटं मास्टरवर असताना लक्षात आलं की तो आता गार लागत नाहीये. सकाळी तो वीस अंशांचा होता, आता शॉपचा झाला होता. चाळीस मिलिमीटर, सोळा अंश: सात मायक्रॉन. म्हणजे दिवसभर मी गार मास्टरच्या शून्याने गरम शाफ्ट मोजत होतो. शाफ्ट सात मायक्रॉन मोठे दिसत होते आणि आप्पा ते सात मायक्रॉन इमानदारीने घासून टाकत होते. माझ्या वहीतले उणे पाच खरे होते उणे बारा.

जाड राहिला असता तर पुन्हा चढवून घासता आला असता. बारीक झालेल्या शाफ्टला औषध नाही. आमच्या धंद्यात एक दिशा माफीची असते आणि एक नसते.

रात्री मी वही काढून मोजत बसलो. उणे चार आणि त्याच्या अलीकडचे किती? एकशेवीसमधले सतरा. बाकीचे एकशेतीन भंगार. सात मायक्रॉन म्हणजे रक्तातली एक तांबडी पेशी. एका पेशीएवढ्या चुकीने टेम्पोचा अर्धा हौदा भरला होता.

आप्पांना सांगायची हिंमत झाली नाही. सकाळी नानांना सांगितलं. ते रजेवरून नुकतेच आले होते, चप्पल बदलत होते. स्टँडर्ड रूमची चप्पल वेगळी असे. त्यांनी सगळं ऐकलं. रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी विचारलं, “संध्याकाळी मास्टर परत लावून का बघितलास?”

“सवय म्हणून.”

“बरं,” म्हणाले. मग मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माझ्या पगारातून काही कापलं गेलं नाही. आप्पा मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं काम चोख होतं आणि तरी भंगारात गेलं, ह्याचा राग ते कुणावर काढणार? सातव्या-आठव्या दिवशी त्यांनी डब्यातली ठेच्याची पुडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “लेका, लोखंडाला पण ताप येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

त्यानंतर मी मास्टरच्या पेटीला एक छोटा थर्मामीटर दोऱ्याने बांधला. तो दोरा मी शॉप सोडलं तेव्हाही होता. थर्मामीटर दोनदा बदलला.

माझी भाची नेदरलँड्समध्ये असते, आइंडहोवेनजवळ वेल्डहोवेनला, एएसएमएलमध्ये. चिप छापायची यंत्रं बनवतात ते लोक. दिवाळीत आली होती तेव्हा मी तिला विचारलं, तुमच्याकडे मायक्रॉन चालतो का? ती हसली. “मामा, मायक्रॉन म्हणजे आमच्याकडे मैदान.” त्यांचा प्रकाशच साडेतेरा नॅनोमीटर तरंगलांबीचा. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. मराठी पुस्तकांत त्याला अब्जांश मीटर म्हणतात. हा प्रकाश हवेत शोषला जातो म्हणून सगळं निर्वातात. कथिलाचे थेंब, केसाहूनही बारीक, सेकंदाला पन्नास हजार ह्या वेगाने लेसरने फोडतात, त्यातून तो निघतो. मी ऐकत राहिलो. मग तिने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली: मोबाइलच्या जाहिरातीत ‘तीन नॅनोमीटरची चिप’ म्हणतात, त्या चिपमध्ये तीन नॅनोमीटरचं असं नेमकं काहीच नसतं. ते पिढीचं नाव आहे. माप नाहीच. मला भाजीवाल्या पोराची आठवण झाली.

“मग तुमची डोकेदुखी कसली?” मी विचारलं.

“तीच, मामा. तापमान.”

तिने आकडे दिले, मी जेवणाच्या टेबलावर बिलाच्या पाठीवर गुणाकार केला. सिलिकॉन पोलादापेक्षा पुष्कळ सोशीक, चौथ्या हिश्शाहूनही कमी वाढतं. पण त्यांची चकती तीनशे मिलिमीटरची. एका अंशाच्या हजाराव्या भागाने ती तापली तरी पाऊण नॅनोमीटरहून जास्त पसरते, आणि एका थरावर दुसरा थर बसवताना त्यांना एक-दोन नॅनोमीटरच्या आत राहावं लागतं. म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागाला ती तिथे घाबरून असते. मी तिला १९९४ चा मे महिना सांगितला. घरात पहिल्यांदाच सांगत होतो. बायको हातातलं काम थांबवून ऐकायला लागली. भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला: “संध्याकाळी मास्टर परत का लावलात?”

नाना जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांची एक खोड होती, ती शॉपमधल्या जुन्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नाही. डिसेंबर-जानेवारीत भोसरीत पहाटे चांगली थंडी पडते. सकाळी पाळी सुरू व्हायची तेव्हा शेडमध्ये चौदा-पंधरा अंश, हात चोळत काम. मग पत्रा हळूहळू तापायला लागे. साडेनऊनंतर नाना खिडकीच्या काचेतून शॉपमधल्या भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघत बसत. काटा वीसवर आला की उठायचे, एसी बंद करायचे आणि स्टँडर्ड रूमचं दार सताड उघडायचे. वर्षभर ज्या दारातून घाईने आत शिरून ते लगेच लोटावं लागे, ते भिंतीला टेकवून ठेवायचे. आप्पांना हाक मारायचे, “आप्पा, या, आज आपण सगळे आतच आहोत.” आप्पा हात पुसत उंबऱ्यापर्यंत यायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत, चपलेचा नियम डोक्यात बसलेला. तिथेच उभ्याने दोघं चहा प्यायचे. त्या वेळात ग्राइंडरवरून काढलेला शाफ्ट आणि पेटीतला मास्टर, दोन्ही एकाच हवेत असायचे, कुणाला कुणासाठी थांबायला लागायचं नाही.

वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मग पत्र्याचा आवाज व्हायचा, तापताना होतो तसा, टक्क करून. नाना कप खाली ठेवायचे आणि दार लोटून घ्यायचे.